हजेरीला बोलावलेले देव

सांत्र द फ्लाक, मॉरिशस
रविवार, १४ ऑगस्ट १९८३

आदरणीय सदानंदराव यांस,
चंद्रमोहनचा सादर नमस्कार.

इतके महिने आपल्यात पत्र नाही, याची आधी क्षमा मागतो. तुमचा दमा कसा आहे? इस्लामपुरात या दिवसांत हवा ओली असते, तेव्हा शाळेत सायकलने न जाता चालत जात असाल अशी आशा करतो. वहिनींचा गुडघा आता जिना चढू देतो का? त्यांना माझा नमस्कार सांगा, आणि त्यांनी पाठवलेलं मेतकूट मी इतकं पुरवून पुरवून खाल्लं की शेवटी त्याला चव राहिली नव्हती, हेही सांगा. (किंवा सांगू नका. नुसतं छान होतं म्हणा.) माझी प्रकृती उत्तम आहे. उत्तम प्रकृतीचं एकट्या माणसाने करायचं काय, एवढाच प्रश्न आहे. हे वाक्य तक्रारीसारखं वाटलं तर खोडलं आहे असं समजा. खरंच खोडलं असतं तर तुम्ही कागद उजेडासमोर धरून वाचलंच असतं, मी भारतात शिकायला होतो तेव्हा आपल्या वसतिगृहात माझी पत्रं वाचायचात तसं.

शांती मला सोडून देवाघरी गेल्यापासून आणि आमची विद्यावती नर्सिंगला इंग्लंडला गेल्यापासून घरात मराठी बोलायला मीच उरलो आहे. विद्यावतीची पत्रं येतात, पण फ्रेंचमध्ये. "प्रिय पापा"च्या पुढे हवामान आणि हवामानाच्या पुढे "तुमची लाडकी". रेडिओवर मराठी कार्यक्रम लागतो तेव्हा निवेदक "नमस्कार" म्हणाला की मीही "नमस्कार" म्हणतो. परवा शेजारच्या तुलसीरामभाऊंनी हे कुंपणावरून ऐकलं आणि पाहुणे कोण आलेत म्हणून विचारलं. डायरी मात्र रोज लिहितो, आणि अलीकडे तिच्यात स्वतःला "तुम्ही" म्हणू लागलो आहे. कोणीतरी म्हणायला हवं.

म्हणून शाळेतल्या माझ्या मराठीच्या वर्गाचं मला एवढं पडलं होतं. आमच्या शाळेत मराठी ऐच्छिक आहे. आईबापांनी नाव घातलं तर तास होतो, नाहीतर नाही. हेडमास्तरांनी मला जूनमध्ये बोलावून सांगितलं की नावं वाढली नाहीत तर पुढच्या वर्षी मराठीचा तास बंद करावा लागेल आणि मला एखाद्या कचेरीत जागा बघतील. हे ते फ्रेंचमध्ये फार सौम्यपणे म्हणाले. फ्रेंचमध्ये वाईट बातमीसुद्धा जेवायला बोलावल्यासारखी वाटते. मी "मेर्सी" म्हणून बाहेर आलो आणि फाटकापाशी आल्यावर मला समजलं की आपला वर्ग जातो आहे. नोकरी जात नव्हती, सदानंदराव. जात होता तो दिवसातला एकुलता एक तास, ज्यात मी मराठीत काही विचारतो आणि समोरून मराठीत उत्तर येतं. (यातही दोन दुरुस्त्या हव्यात. एक म्हणजे उत्तर बहुतेक वेळा "पा कोने" असं येतं. ते क्रेओल आहे आणि त्याचा अर्थ "ठाऊक नाही". दुसरी म्हणजे एकुलता एक म्हणणं बरोबर नाही. अपवाद आहे, तो पुढे येईल.)

त्याच सुमारास पोर्ट लुईला आम्हा भाषा शिक्षकांचं शिबिर झालं. एक तरुण बाई शिकवायला होत्या. त्यांचं म्हणणं असं की धडा मुलाला स्वतःचा वाटला पाहिजे आणि त्यात त्याला गंमत आली पाहिजे. मी डायरीत "गंमत" लिहून खाली रेघ मारली. परतीच्या बसमध्ये मात्र मला प्रश्न पडला की इतकी वर्षं मी शिकवत होतो त्यात गंमत नव्हती हे मुलांनी कधी सांगितलं कसं नाही. मग आठवलं, त्यांनी ते मराठीत सांगायला हवं होतं, आणि तेवढं मराठी मी त्यांना शिकवलेलं नव्हतं.

पहिला प्रयोग बाजाराचा. मुलांनी घरून एकेक वस्तू आणायची आणि वर्गात दुकान मांडून मराठीत विकायची. कोणी लिची आणणार म्हणालं (जुलैत लिची कुठली, पण मी उत्साह मोडला नाही), कोणी चुचू नावाची इथली फळभाजी आणली, आणि इंद्रदेवने जिवंत बदक आणलं. त्या तासात सर्वांत जास्त बदकच बोललं. दुसरा प्रयोग "माझं घर". बसंती ही वर्षभर तोंड न उघडणारी मुलगी, ती उभी राहिली आणि तिने आयुष्यातलं पहिलं सबंध मराठी वाक्य म्हटलं: "माझा बाप रम पितो आणि आई त्याला झाडूने मारते." कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागच्या जागी. मी इतका हरखलो की ते फळ्यावर लिहून सगळ्यांकडून म्हणून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिचे वडील, गोवर्धन, दारात उभे. मी बोलायच्या आत म्हणाले, "गुर्जी, रमचं खरं हाय. पण झाडू एकदाच." फळा पुसून घेतला तेव्हाच ते गेले.

तिसरा प्रयोग हजेरीचा, आणि इथूनच सगळं हाताबाहेर गेलं. हजेरीला आमची मुलं फ्रेंचमध्ये "प्रेझां", म्हणजे हजर, म्हणतात आणि पुन्हा झोपी जातात. मला वाटलं, ज्या तासाची सुरुवातच परकी, तो मुलाला स्वतःचा कसा वाटेल? आमच्या लोकांनी कोकणातून येताना जे थोडं बरोबर आणलं त्यात गोंधळ आहे. लग्न झालं की घरात अजून घालतात. गावोगावच्या देवांना नाव घेऊन हाक मारायची, गोंधळाला ये म्हणायचं. मी डब्याचं झाकण संबळासारखं वाजवत मुलांना तसं बोलावलं. फ्लाकच्या बसंती, गोंधळाला ये! आणि बसंतीने उठून "आले हो आले" म्हणायचं. सदानंदराव, काय सांगू! शेवटच्या बाकावरची मुलं आपलं नाव यायच्या आधीच उभी राहू लागली. इंद्रदेवने बदकालाही बोलावलं. आवाज ऐकून हेडमास्तरांनी दार उघडलं, तर मुलांनी त्यांनाही नावागावासकट हाक मारली, आणि तो भला माणूस गोंधळून "प्रेझां" म्हणाला. ही काय भानगड म्हणून विचारलं तेव्हा मी हजेरी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

चूक वेगळीच झाली होती, आणि ती माझ्या काटेकोरपणामुळे. पहिल्याच दिवशी मला वाटलं, ज्या हाकेने देवांना बोलावतात त्या हाकेने आधी पोरांना बोलावणं बरं नाही. अगोदर देवांची नावं घ्यावीत. तशी घेतली, आठवली तेवढी सगळी. आणि खिडकीखाली बदामाच्या झाडाखाली बसंतीची आजी पुष्पावती नातीला न्यायला येऊन बसली होती. तास सुटल्यावर तिने मला हाताने खूण करून बोलावलं. "आयो गुर्जी, देव हाक मारून आनलेस, आता त्यांना बसवतोस कुठं?" मी म्हटलं, आजी, ही हजेरी होती. तर ती म्हणाली, "देवांना काय ठाव? ते आले की!" आणि माझ्यामागे वर्गात अशा नजरेने पाहिलं की मीही वळून पाहिलं. मी पदवीधर माणूस आहे. पण त्या दिवशी वर्गाला कुलूप लावताना आत कोणी राहिलं नाही ना, हे दोनदा पाहिलं, हे तुमच्यापासून लपवत नाही.

आजीचा निवाडा असा पडला की ज्याने देव बोलावले त्याने आपल्या घरी गोंधळ घालून त्यांना जेवू घालावं आणि परत पाठवावं. इथवर ठीक होतं. पण गोंधळ घालतात लग्नाच्या घरी. त्यामुळे मास्तरांच्या घरी गोंधळ आहे, हे एका बाईने दुसरीला सांगितलं, आणि दुसरीने तिसरीला नवरी कोण तेही सांगितलं. तुलसीरामभाऊ लग्नमांडवाचे बांबू घेऊन आले (त्या मांडवाला इथे साल वेर्त म्हणतात) आणि तोंड आंब्याकडे ठेवू की रस्त्याकडे, विचारू लागले. मी सांगितलं, भाऊ, लग्न नाही. ते म्हणाले, "माझ्या वेळी मी बी असंच म्हनत होतो," आणि रस्त्याकडे ठेवलं.

नवरी ठरली होती ती पोस्टातली कुंती. तिचेही यजमान गेले त्याला बराच काळ झाला. लोकांचा तर्क असा की मास्तर रोज शाळा सुटल्यावर पोस्टात जातात, कोण माणूस रोज पोस्टात जातं? आता मी पोस्टात जातो तो तुमचं किंवा विद्यावतीचं पत्र आलं का पाहायला, हे तुम्हाला माहीत आहे. (माहीत नसेल तर आता झालं.) मी दारात दिसलो की कुंतीबाई काउंटरवरूनच "नाही आलं, गुर्जी" म्हणतात आणि मी "बरं" म्हणून परत येतो. यात लग्न कुठून आलं? एवढं खरं की इतर सगळ्यांशी त्या क्रेओलमध्ये बोलतात आणि मला मात्र मराठीत नाही म्हणतात. हाच तो अपवाद. हे माझ्या आधी गावाच्या ध्यानात आलं होतं, याचं मला फार वाईट वाटलं. बरंही वाटलं. दोन्ही डायरीत लिहिलं आहे.

गोंधळ मागच्या रविवारी झाला. भर दुपारी, कारण फिनिक्सहून, माझ्या मूळ गावाहून, माझे चुलत भाऊ येणार आणि त्यांना शेवटची बस गाठायची. आजी म्हणाली, देवांना दुपार चालते, कंडक्टरला उशीर चालत नाही. तांदळाचा चौक भरला, दिवटी लावली, संबळ खराखुरा आणला. देवांची नावं झाल्यावर मुलांनी, मी न सांगता, वर्गातली हजेरी सुरू केली. आधी आपली नावं, मग अंगणात बसलेल्या आईबापांची. गोवर्धनला त्याच्याच मुलीने नावाने हाक मारली. त्याने बायकोकडे एकदा पाहिलं आणि "आलो हो आलो" इतक्या जोरात म्हणाला की सगळे हसले. मग आजीने परदेशी गेलेल्यांची नावं घ्यायला लावली. माझ्या विद्यावतीला बसंतीने बोलावलं. गेलेल्यांच्या वतीने घरचं कोणीतरी "येते" किंवा "येतो" म्हणायचं असतं. मी "येते" म्हणालो आणि माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

मग नावं संपली. हजेरी घेणाऱ्याचं नाव हजेरीत नसतं, सदानंदराव. इतकी वर्षं ते मला कधी खटकलं नव्हतं. मी दिवटीत तेल घालायला उठलो, तेवढ्यात मागून, पत्रावळी मांडणाऱ्या बायकांतून, कोणीतरी अगदी नीट, सूर धरून म्हटलं, "फिनिक्सच्या चंद्रमोहना, गोंधळाला ये." "नाही आलं, गुर्जी" म्हणणारा आवाज मी कुठेही ओळखेन. संबळ थांबला. आजी माझ्याकडे बघत होती, तुलसीरामभाऊ मांडवाच्या खांबाला धरून उभे होते. मी तेल सांडेपर्यंत ओतत राहिलो. जे उत्तर मी रोज आठ-नऊ वर्षांच्या पोरांकडून वदवून घेतो ते मला देता आलं नाही. शेवटी इंद्रदेव ओरडला, "गुर्जी गैरहजर!" आणि सगळं अंगण हसलं. कुंतीबाईही हसल्या, पण इतरांच्या आधी थांबल्या.

वर्ग वाचला आहे. गोवर्धनने धाकट्याचंही नाव घातलं, त्याचं पाहून आणखी काहींनी घातलं, आणि शुक्रवारी हेडमास्तर पुढच्या वर्षीही तास राहील म्हणाले. फक्त हजेरी खिडक्या लावून घ्या, असं सुचवलं. म्हणजे मला जे हवं होतं ते मिळालं आहे. तरी गेला आठवडाभर मी पोस्टात गेलेलो नाही, आणि शाळेतून घरी यायला मला इतका वेळ लागतो आहे की रस्ता लांबला असावा.

वहिनींना पुन्हा नमस्कार, मुलांना आशीर्वाद. उलट टपाली उत्तर लिहा, ही विनंती.

आपला,
चंद्रमोहन

ता. क. सुरुवातीला क्षमा मागितली खरी, पण डायरी चाळल्यावर दिसतं की आपल्यातली शेवटची तिन्ही पत्रं माझीच आहेत. तरी क्षमा परत घेत नाही. दोघांपैकी कोणीतरी मागायला हवी होती आणि तुम्ही लांब आहात.

ता. क. २. खरी विनंती अशी की उत्तर लगेच लिहू नका. तुमचं पत्र येऊन पडलं तर मला रोज पोस्टात जायला कारण काय उरेल?

ता. क. ३. वरची विनंती रद्द समजा. सवडीने लिहा, लवकर लिहा, कसंही लिहा. हे पत्र नाक्यावरच्या पेटीत टाकता आलं असतं, पण पेटीत टाकणार नाही.

डायरीत उद्याच्या पानावर : पोस्टात जाऊन "आलो" म्हणणे.