पत्र आधी, डबा नंतर

धायरी, पुणे
२५ ऑक्टोबर २००१

ति. आनंदीताईस,
शि. सा. न. वि. वि.

परवानगी मिळाली! वर्षभरात पहिल्यांदा कोणी मला खा म्हणालं. डायलिसिसच्या दवाखान्यात सुनीतीबाई म्हणून नव्या आहारतज्ज्ञ आल्या आहेत. त्यांनी काट्यावर उभं केलं आणि म्हणाल्या की काका, तुम्ही पाण्याने वाढताय आणि अंगाने घटताय. भीतीने जेवण टाकणं म्हणजे पथ्य नव्हे.

दिवाळीत गुरुवारी डायलिसिस, शुक्रवारी भाऊबीज. तो दिवस माझा. मीठ जवळजवळ नाही. पाणी दिवसाला पाऊण लिटर, चहा त्यातच धरायचा. सोमवारी वजन दोन किलोंच्या आत वाढलेलं असलं, तर पुढचे सणही मोकळे. नाहीतर पुन्हा कोरडा फुलका.

तू ये. सौरभ म्हणतो, आत्याला ई-मेल करा. परभणीचा पोस्टमन तो कुठल्या पिशवीत घालेल, असं विचारलं, तर हसला नाही. त्याच्या कंपनीत हल्ली अमेरिकेच्या वेळेने हसतात.

लोभ वाढवावा, वजन मी सांभाळतो.
तुझा रामदास

परभणी
३ नोव्हेंबर २००१

चि. रामदास यास अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. तुझ्या दाजींना मोठ्याने वाचून दाखवलं. भाऊबीजेला येतेच, पण तोवर धीर निघेना. शेजारचा संभाजी पुण्याला कारखान्यावर परत निघालाय, त्याच्याबरोबर फराळाचा डबा देते आहे. चकली, शेव, खारी शंकरपाळी.

घाबरू नकोस. आपलं मीठ चिमूटभरही नाही. इथे नवं दुकान निघालंय, फळीवरून आपल्या हाताने सामान उचलायचं. तिथे कमी सोडियमचं मीठ मिळालं. पाकिटावर हृदयाचं चित्र आहे. चवीला जरा कमी, म्हणून दुप्पट घातलं. पोटभर खा. सौरभला हात लावू देऊ नकोस.

माया मोजून घ्यायची नसते, एवढं ध्यानात ठेव.
ताई

धायरी, पुणे
५ नोव्हेंबर २००१

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी हे सांगतो: मी खाल्लेलं नाही. बरा आहे.

डबा उघडला तसा घरभर वास सुटला. चकली हातात होती. राधाने हात धरला. वसतिगृहात आईचा डबा यायचा तेव्हाची आपली शिस्त तिला लग्नानंतर मीच सांगितलेली: पत्र आधी, डबा नंतर. तिने डब्याबरोबरचं पत्र वाचायला घेतलं. मिठापाशी थांबली आणि सुनीतीबाईंना फोन लावला.

त्या मिठात सोडियम काढून पोटॅशियम घातलेलं असतं. धडधाकट माणसाच्या लघवीवाटे ते निघून जातं. माझ्या रक्तात साठतं आणि हृदय बंद पाडतं. पाकिटावरचं चित्र बरोबर होतं म्हणायचं.

रडू नकोस. तुझ्या पत्राने वाचलो. डबा सौरभने कंपनीत नेला. रिकामा परत आणला. आता हात हलवत ये. चिरोटे चालतात: मैदा, तूप, साखर. बटाटा बारीक चिरून उकळायचा, पोटॅशियम उतरलेलं पाणी फेकायचं. तुझ्याच हातचं खायचंय, पण राधाच्या फडताळातलं.

लोभ आहे तिथेच आहे.
रामदास

परभणी
९ नोव्हेंबर २००१

चि. रामदास यास आशीर्वाद.

चष्मा लावून पाकिटामागची बारीक अक्षरं वाचली. लिहिलेलं होतं. पाकीट फेकलं.

येते. फक्त लाटणं आणते. राधाचं मला जमत नाही.
ताई

धायरी, पुणे
१९ नोव्हेंबर २००१

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आत्ताच दवाखान्यातून आलो. चपला पायातच आहेत. एक किलो सहाशे! सुनीतीबाईंनी काटा दोनदा पाहिला. सात चिरोटे खाल्ले म्हणून सांगितलं, तर म्हणाल्या, पाच लिहिते, डॉक्टर वाचतात. संक्रांतीला काय खायचं त्याचा कागद त्यांनी आपणहून दिला.

शेजारच्या खाटेवरच्या नागोरावांनी चिरोट्याची कृती मागितली आहे. सविस्तर लिही. लोभ त्यांच्यावरही असू दे, थोडा.
रामदास

परभणी
२४ नोव्हेंबर २००१

चि. रामदास यास अनेक आशीर्वाद.

एक किलो सहाशे हे दाजी गल्लीभर सांगत फिरताहेत. लोकांना वाटतं, आमच्याकडे बाळ जन्मलं. कृती सोबत आहे.

राधाने मला एस.टी.त बसवताना सांगितलं. भाऊबीजेला सकाळपासून तू पाण्याचा घोट घेतला नव्हतास. चार वाजता माझ्यासमोर भरला कप चहा प्यायलास, वर साखर कमी म्हणालास. मी तुला पुणेरी म्हणून टोमणा मारला.

साडी छान आहे. संक्रांतीला येते. तेव्हा एकच कप करू. अर्धा तुझा, अर्धा माझा. सकाळी पाणी पी.

लोभ वाढव. वजन नको.
ताई