नाव नको, नुसता पेटी नंबर

डोंगरावरून,
११ जून २०१८

चि. कोरीन हिस अनेक आशीर्वाद, वि. वि.

गांजा. घे, लिहिला एकदाचा तो शब्द. एक्काहत्तर वर्षांत पत्रात पहिल्यांदाच लिहितेय, आणि लिहिण्याच्या नादात चहा सांडला. पण आता भ्यायचं काय? परवाना आला, पोरी! कॅलिफोर्निया सरकारचा शिक्का मारलेला कागद माझ्या स्वयंपाकघरात भिंतीवर आहे. पोलिसांच्या हेलिकॉप्टरचा आवाज आला की ज्या झाडांपासून आम्ही धूम ठोकायचो, त्याच झाडांचा परवाना! ओढ्यापलीकडचा ऑर्विल चष्मा पुसून पुसून तीनदा वाचून गेला आणि म्हणाला, खोटा असणार. परवान्यावर माझं नाव आहे तिथे मी खिळा ठोकून आमटीचा डाव टांगला आहे, तेवढं सोडलं तर कागद छान दिसतो.

आता कामाचं. परवान्याबरोबर चौदा पानं नियम आलेत. १४ सप्टेंबरला काउंटीच्या कचेरीतल्या बाई तपासायला येणार. त्या दिवशी प्रत्येक झाडाला, वाळवणीच्या प्रत्येक दोरीला आणि प्रत्येक बरणीला छापील लेबल पाहिजे. कुठली जात, कधी कापली, कोणी पिकवली. नसलं तर परवाना रद्द. आणि परवाना गेला की ही टेकडी विकायची आणि तुझ्या घराच्या मागच्या खोलीत टीव्ही बघत बसायचं. मला तुझा टीव्ही आवडत नाही.

माझं लेबल म्हणजे आजवर लोकर. लाल लोकर लवकर येणारीला, पिवळी उशिरा येणारीला, आणि निळी माझ्या नवऱ्याने, तुझ्या डेलकाकाने, वीस वर्षं बी निवडून निवडून तयार केलेल्या जातीला. तो देवाघरी जाऊन अकरा वर्षं झाली. त्याने तिला नाव काही ठेवलं नाही, त्यामुळे सगळे निळी लोकरच म्हणतात. पण काउंटीला लोकर चालत नाही म्हणे.

तू दिवसभर छापखान्यात चीजची आणि सफरचंदाच्या रसाची लेबलं छापतेस, तेव्हा मला एक यंत्र निवडून दे. छपरावरच्या सौर पत्र्यांवर चालणारं हवं. फोन करू नकोस, फोनवर आपण असलं बोलत नाही. आणि एक अट आहे. लेबलावर माझं नाव नको. पाकिटावरही नको, नेहमीसारखा नुसता पोस्टातला पेटी नंबर घाल. हे पत्र वाचून जाळ. आता जाळायची गरज नाही म्हणतात. तरी जाळ.

म्हातारीवर जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझी आत्या


पेटालुमा,
१९ जून २०१८

ती. आत्यास कोरीनचा सा. न. वि. वि.

पत्र जाळलं नाही, फ्रिजवर चिकटवलं आहे. छापखान्यात मी परवान्याची बातमी सांगितली तर मालकांनी टाळ्या वाजवल्या आणि विचारलं की हंबोल्टच्या डोंगरातली तुझी आत्या दिसते कशी. मी म्हटलं, फोटो काढू देईल तेव्हा कळेल.

आता यंत्रं. तुझ्यासारखीला तीन पुरेत. पहिलं दुकानातल्या पावतीसारखं, नुसत्या उष्णतेने कागदावर छापतं. शाई नाही, कटकट नाही, सगळ्यात स्वस्त. दुसरं रंगीत शाईचं. त्यावर पान, डोंगर, सूर्य, हवं ते येईल, आणि तुला बघून मत्सर वाटेल इतकं सुंदर येईल. तिसरं काळ्या रिबनचं. रिबनवरचा काळा रंग वितळून प्लास्टिकच्या लेबलावर बसतो. दिसायला रुक्ष, पण गडी पक्का. बरण्यांवर आपोआप लेबल चिकटवणारं एक मोठं यंत्रही आहे, पण ते तुझ्या गोठ्यात मावणार नाही आणि एका दिवसात तुझी सगळी वीज पिऊन टाकेल.

तिन्हींचे नमुने सोबत पाठवते आहे, मागे १, २, ३ असं लिहिलंय. मी सांगितलेलं तू ऐकणार नाहीसच, तेव्हा तुझ्या पद्धतीने त्यांचा छळ कर आणि कळव.

अटीचं मात्र जमायचं नाही. परवान्यावर जे नाव तेच लेबलावर लागतं, मी नियम वाचले. सरकारने परवाना दिला आणि तू नाव लपवतेस, म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवण्यातली गत. नाव लिहायला एवढं काय गं होतं? बाबांना विचारलं तर ते म्हणाले, आत्यालाच विचार.

रागावू नकोस, आणि रागावलीस तर मुरंबा पाठवून राग काढ.

तुझी कोरीन


डोंगरावरून,
२२ जुलै २०१८

चि. कोरीन हिस अनेक आशीर्वाद, वि. वि.

नमुन्यांचा छळ झाला. एक नंबर ट्रकच्या काचेमागे ठेवला, दोन दिवसांत ऊन खाऊन काळाठिक्कर. त्यावर काय छापलं होतं ते देवाला माहीत. दोन नंबर खरंच देखणा होता. रात्रभर दवात राहिला आणि सकाळी तुझा सूर्य डोंगरावरून ओघळून खाली आला होता. उरलेला तुकडा बकरीने खाल्ला. तीन नंबर मी पाण्यात बुडवला, कोंबड्यांच्या खुराड्यात आठवडाभर ठेवला, घेवड्याबरोबर उकळला. घेवडा बिघडला, लेबल नाही. कापणीत बोटांना डिंकासारखा चीक लागतो ना, त्या बोटांनी चोळलं, मग दारूने पुसलं, तरी अक्षर हललं नाही. ऑर्विलचं मत मोठं यंत्र घ्यावं असं होतं. त्याच्याकडे चार झाडं आहेत. त्याला मी गप्प बसवलं. तीन नंबरच पाठव.

आता नावाचं. तुला कोणी सांगितलं नाही, कारण आम्ही ते बोलत नाही. तुझ्या डेलकाकाचं अक्षर फार सुरेख होतं. गाठोडी बांधली की तो प्रत्येकावर चिठ्ठी लावायचा, जात, तारीख, आणि कोणाच्या वाट्याचं आहे त्याचं नाव. मला कौतुक वाटायचं. पंच्याऐंशीच्या ऑक्टोबरमध्ये हेलिकॉप्टर आमच्याच अंगणात उतरलं. पोलिसांना काही शोधावं लागलं नाही, सगळं डेलने लिहून ठेवलं होतं. त्या चिठ्ठ्या वाचत ते चार घरांत गेले. डेलला दोन वर्षं तुरुंग झाला. ऑर्विलला आठ महिने, आणि तो आत असताना त्याची बायको पोरीला घेऊन निघून गेली.

डेल परत आला तो वेगळाच माणूस होऊन. पुन्हा कधी काही लिहिलं नाही त्याने, वाढदिवसाचं कार्डसुद्धा नाही. लोकर तेव्हापासूनची. ऑर्विल तेहतीस वर्षं माझ्याकडे येतो, माझी कॉफी पितो, त्याबद्दल एक शब्द बोलत नाही, आणि मला दर वेळी वाटतं की आज बोलेल. दुधाने तोंड पोळलेली बाई आहे मी, ताक फुंकणारच. माझ्या हातून झाडावर नाव लिहिलं जाणार नाही. तू तिथूनच छापून पाठव, मी डोळे मिटून चिकटवीन.

मुरंबा पाठवला आहे, ब्लॅकबेरीचा. राग काढून संपला, माया तेवढी सांभाळ.

तुझी आत्या


पेटालुमा,
३ ऑगस्ट २०१८

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी छापखान्याच्या मागे जाऊन रडले. मग मुरंबा खाल्ला. काकाचं अक्षर मी पाहिलंच नाही, याचं फार वाईट वाटतंय.

यंत्र पार्सलने निघालं आहे, सोबत लेबलांची सहा रिळं आणि दोन रिबन. लेबलाचा साचा मी बसवून दिला आहे. जात, कापणीची तारीख, वजन, सगळ्या ओळी आखल्या आहेत. पिकवणाराच्या नावाची ओळ रिकामी ठेवली आहे. तुझं नाव मी छापणार नाही, आत्या. शंभर वेळा छापता आलं असतं, पण ते तुझ्या बोटांनी टाईप व्हायला हवं. हट्टीपणा मी कोणाकडून उचलला ते तुला ठाऊक आहे.

नाहीच जमलं, तर मागची खोली झाडून ठेवते. टीव्ही नवीन घेतला आहे, आधीच्यापेक्षा मोठा.

चिडलीस तरी लिहीत जा, एवढंच मागणं.

तुझी कोरीन


हॅकेट यांचा मळा, ओढ्याचा रस्ता,
हंबोल्ट काउंटी, कॅलिफोर्निया
१६ सप्टेंबर २०१८

चि. कोरीन हिस अनेक अनेक आशीर्वाद, वि. वि.

टीव्ही परत कर.

आता क्रमाने सांगते. यंत्र आलं, मी तीन आठवडे त्यावर टॉवेल टाकून ठेवलं. गेल्या रविवारी म्हटलं, बघू या तरी. नाव टाईप केलं, बटण दाबलं. टर्रकन लेबल बाहेर आलं, माझं नाव एवढं ठसठशीत! आणि मी काय केलं असेल? उचललं आणि चुलीत घातलं. विचार नाही, काही नाही, हातानेच केलं. स्वतःवर रागावले, दुसरं छापलं, तेही चुलीत. असं अकरा वेळा. प्लास्टिकच ते, घरभर असा घाणेरडा वास सुटला की ऑर्विल ओढ्यापलीकडून धावत आला, त्याला वाटलं मीच जळाले.

मी म्हटलं, लेबलं जाळत होते, आता काही पुरावा राहिला नाही. तो यंत्राकडे गेला. झाकण उघडून वापरलेली रिबन त्याने वावभर बाहेर ओढली आणि खिडकीपाशी उजेडात धरली. कोरीन, तू मला हे सांगितलं नव्हतंस! जे जे छापलं त्या त्या जागचा काळा रंग उडालेला, आणि माझं नाव तिथे स्वच्छ, वाचता येईल असं, अकरा वेळा. ऑर्विलने ते अकराही वेळा मोठ्याने वाचलं, गाढवाने. मी जाळजाळ जाळलं, आणि हे बाई आपलं आत गुंडाळी होऊन बसलेलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा. मला हसू आवरेना. चाळीस वर्षांत इतकी हसले नव्हते.

मग तो बसला, कॉफी मागितली, आणि जे तेहतीस वर्षं बोलला नाही ते बोलला. म्हणाला, कोर्टात वकिलाने ती चिठ्ठी वर धरून दाखवली होती. त्याचं आयुष्यभर सगळ्यांनी वेडंवाकडं लिहिलेलं नाव डेलने असं काही लिहिलं होतं की शिक्षा ऐकतानाही तो त्या अक्षराकडेच बघत होता. त्याने ती चिठ्ठी परत मागितली होती, पण सरकारने दिली नाही. मी विचारलं, आणि बायको? तो म्हणाला, ती तशीही जाणारच होती, डेलला हे सांगायला हवं होतं, सांगितलं नाही, याचीच त्याला लाज वाटते, म्हणून तर रोज येऊन कॉफी पितो. मग मी रडले. तोही रडला. मग त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, लिही बाई आता, मी इथे बसतो आणि चुलीकडे तुला जाऊ देत नाही.

मी टाईप करत गेले, तो फाडून चिकटवत गेला. मोठं यंत्र हवं होतं ना त्याला, त्यालाच केलं मी यंत्र. लाल झाली, पिवळी झाली. निळ्या लोकरीपाशी जातीच्या नावाची ओळ आली आणि आम्ही दोघे थांबलो. मी टाईप केलं, 'डेलचं अक्षर'.

परवा काउंटीच्या बाई आल्या. नखाने लेबलं खरवडून बघितली, एकही निघालं नाही. बकरीच्या शिंगावरही एक आहे, ते बघून हसल्या. 'डेलचं अक्षर' हे एवढं सुंदर नाव कशावरून, असं त्यांनी विचारलं, आणि ऑर्विलने त्यांना दीड तास सांगितलं. परवाना पक्का झाला. डाव मी खिळ्यावरून काढून चुलीपाशी ठेवला आहे.

या पाकिटाचा डावा कोपरा बघितलास का? ते माझ्या नावाचं लेबल आहे. पोस्टातल्या बाईंनी चाळीस वर्षं मला पेटी एकेचाळीस अशीच हाक मारली. काल तिकीट लावायला हे रिकामं पाकीट पुढे केलं, तर त्यांनी ते वाचलं आणि म्हणाल्या, अगंबाई, तुम्हाला नाव आहे!

आता उत्तर लिहिशील ते याच नावावर लिही, आणि फ्रिजवरची पत्रं तिथेच राहू दे.

तुझी आत्या
व्हर्ना हॅकेट