चौकशीवाला येण्याआधी

पिनी क्रीक, केंटकी
ता. १० सप्टेंबर २०१८

चि. डॅरेल यास,
ऑर्लीनमावशीचा अ. उ. आ.

फोनवर तू पटकन खोटं बोलतोस, कागदावर तुला वेळ लागतो. म्हणून लिहिते.

तुझ्या परवान्यासाठी सरकारी माणूस गावात चौकशी करत फिरतोय. पाणबुडी जोडणाऱ्याला सरकारची गुपितं कळतात म्हणे. पोस्टातली लुएला म्हणाली, एवढे प्रश्न तर तिच्या सासूनेसुद्धा विचारले नव्हते. आणि बिचारा कुणाकडे केकचा तुकडाही खात नाही, नियमात बसत नाही म्हणून!

मलाही त्याचा फोन आला. मी सांगितलं, बरण्यांत शेंगा भरतेय, दोन आठवडे सवड नाही. शेंगा तर ऑगस्टातच भरून झाल्या.

आता तू सांग. तुझे काका अंथरुणाला खिळलेले असताना त्यांच्या दुखण्याच्या गोळ्या तू उचलायचास. फॉर्मवर त्याचं काय लिहिलंस? चौकशीवाल्याने मला विचारलं, तर मी खरं तेच सांगणार.

लोभ आहेच. खरं लिहिलंस तर वाढेल.
तुझी मावशी

ता. १४ सप्टेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

'नाही' लिहिलंय. बरोबरचे वेल्डर म्हणाले, सगळे 'नाही'च लिहितात, खरं लिहिणारा फाटकातूनच परत जातो.

छपरावरून पडलो तेव्हा पाठीसाठी घ्यायला लागलो. पाठ बरी झाली तरी घेत राहिलो. काका गेले त्या दिवसापासून एकही नाही. चार वर्षं झाली. आता बोललो तर काम जाईल, आणि नोव्हेंबरात घरात बाळ येतंय. तू गप्प राहिलीस तर कोणाला कळणार?

एक विचारायचं राहून गेलंय. काकांना गोळ्या कमी पडल्या का?

रागावलीस तरी नातं तुटू देऊ नकोस.
डॅरेल

ता. १७ सप्टेंबर

चि. डॅरेल,
अ. उ. आ.

हो, पडल्या. शेवटचे दोन दिवस. जास्तीच्या मागायला गेले तर मीच विकते की काय, असं औषधवाला बघत होता. हे मी कधी बोलले नसते, पण तू विचारलंस.

काकांना माहीत होतं. ते म्हणाले, पोरगं आपणहून सांगेल. तेवढं थांबणं त्यांना जमलं नाही.

लुएलाचा जावई असल्याच कामात आहे. तो म्हणतो, सुटलेल्या सवयीकडे ते एक वेळ कानाडोळा करतात, फॉर्मवरच्या खोट्याकडे नाही. पण त्यांनी पकडायच्या आत आपण गेलो, तर त्याला वजन असतं. चोवीस तारखेला चौकशीवाला माझ्या ओसरीवर बसणार. त्याच्या आधी जाऊन खरं सांग, गाढवा.

सूनबाईला आशीर्वाद. शेंगांतला तुझा हिस्सा राखून ठेवलाय.
मावशी

ता. २५ सप्टेंबर

चि. डॅरेल,
अ. उ. आ.

पत्र आज पोचलं. शुक्रवारी सांगायला गेलास, त्यांनी आत जायचा पास काढून घेतला, आता आवाराचं कुंपण जोडत बसलायस. बरं आहे, कुंपणाला गुपितं नसतात.

चौकशीवाला काल आला. पोरगेलासा आहे, टाय चुकीचा बांधलेला. वही उघडायच्या आत मी म्हटलं, आधी माझं लिहून घे बाबा, शेंगांचं मी खोटं सांगितलं होतं. का, म्हणाला. म्हटलं, भाच्याला तुझ्या आधी पोचायला वेळ हवा होता, पोचला का? ते सांगणं नियमात बसत नाही, म्हणाला. मग गोळ्यांचं सगळं सांगितलं, काकांच्या दोन दिवसांसकट.

शेवटी त्याने विचारलं, याच्या हातात गुपित द्याल का? म्हटलं, चार वर्षांपूर्वी कपाटाची किल्लीसुद्धा दिली नसती. गेल्या आठवड्यात त्याचं खरं सांगणारं पत्र आलं, आज देईन.

वाळल्या सफरचंदांचा केक समोर होता. बघत राहिला, खाल्ला नाही.

थंडीचं जप. रागाची बाकी नाही.
मावशी

ता. ११ मार्च २०१९

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

काल पास परत मिळाला. निकालाच्या कागदावर गोळ्यांना चार ओळी आहेत, खोट्याला दोन पानं. शेवटी लिहिलंय की त्यांनी बोलावण्याआधी मी स्वतःहून गेलो, आणि पुन्हा खोटं बोललो तर दार कायमचं बंद.

शेंगांचं कुठेच काही नाही. सुटलीस.

ईस्टरला पोरीला घेऊन येतोय. आधी काकांच्या थडग्यापाशी जाईन, त्यांना सांगायचंय. मग घरी. केक कर, मला नियम नाही.

तुझा,
डॅरेल