जिनं चिकटवलं, तिनं तपासायचं नाही

रत्नागिरी,
१२ जानेवारी २०२५

प्रिय स्वरूप,

तुझी पाठ दुखत नसेल आणि बोटीवरचा नवा आचारी आमटीत साखर ओतत नसेल, असं धरून चालते. आम्ही बऱ्या आहोत. तुझ्या आई काल मिरकरवाड्यावर सुरमई आणायला गेल्या, भावावरून कोळणीशी भांडल्या आणि तिच्याकडेच चहा पिऊन आल्या. मृणालीची पुण्याला परीक्षा चालू आहे, म्हणून लेकीचा फोन नाही.

फोनवर तू सगळं हसण्यावारी नेतोस, म्हणून मेलवर हे लांबलचक पत्र.

मार्चमध्ये बोट कायमची सोडतोय, असं तू दिवाळीत म्हणालास, तेव्हापासून घरात तुझीच तयारी आहे. आईंनी तुझी आरामखुर्ची नव्याने विणून घेतली. मीही हरखले आहे. लग्न झाल्यापासून तू सलग वर्षभर घरी, असं कधी झालंच नाही.

आता माझ्या प्रयोगशाळेचं. जिनिव्हाजवळ जमिनीखाली तो कणांचा अवाढव्य प्रयोग आहे ना, त्याच्यासाठी आम्ही दाराएवढ्या चपट्या पेट्या करतो. तू ज्यांना ‘योगिनीचे पापड’ म्हणतोस, त्याच. दोन पातळ पत्रे आणि मधल्या फटीत वायू. कण आरपार गेला की तो कुठून गेला, हे पेटी सांगते. वायू गळला की ती कामातून गेली. आमच्याकडे नियम आहे, जिनं चिकटवलं, तिनं तपासायचं नाही. आपल्या हातचं काम गळताना आपल्याला दिसत नाही. म्हणून मी चिकटवते आणि आमच्या प्रमुख हेमाताई तपासतात.

तिकडे पोचलेल्या काही पेट्या प्रवासात हलल्या आणि आता गळतायत. त्या दुरुस्त करून खाली बसवायला तिकडच्यांनी चिकटवणारं माणूस मागितलंय. हेमाताईंनी माझं नाव सुचवलं. दोन वर्षांसाठी, मार्चपासून.

वाचताना थांबला असशील. मीही थांबले होते. जायची कारणं मनाशी मांडली तर सगळी पक्की वाटली, आणि तिथेच मला शंका आली. म्हणून ती कारणं तपासायला आईंपुढे ठेवली. वाटलं, म्हणतील, नवरा घरी येतोय आणि ही निघाली! त्या नारळ खवत होत्या. मानही वर न करता म्हणाल्या, “स्वरूप बोटीवर निघाला, तेव्हा घर कोण बघणार म्हणून कुणी विचारलन त्याला? मग तुलाच का गो विचारायचं? जा तू. त्याला कुकर लावायला मी शिकवीन.”

मी हसले आणि मग रडले. स्वरूप, मला जायचंय. तुझ्याबरोबर राहायचंय हेही तितकंच खरं, पण मला जायचंय. माझ्या हातची वस्तू चालू होताना मला बघायची आहे.

‘काय करू?’ असं मी कुठेच लिहिलेलं नाही, हे तुझ्या ध्यानात आलं असेल. परवाच होकार कळवला. तुला विचारायला हवं होतं. पण तू ‘नको’ म्हणाला असतास तर मी गेले नसते, आणि मग तू घरी असूनही मी तुझ्यावर कायम रुसलेली असते. ते मला नको होतं.

तू आल्यावर आठवडाभर तरी आपण एकत्र असू. मग मला सोडायला स्टेशनवर तूच ये. तुला सोडायला मी दर वेळी आले आणि गाडी हलेपर्यंत कधी रडले नाही. तुला जमतंय का बघू.

तुझीच, पण या वेळी निघालेली,
योगिनी