पेरूच्या पिशवीतली हवा

२८ नोव्हेंबर, बारामती
आलेखाची रेषा जुळली. दुपारी, कॉलेजात, प्रॅक्टिकलच्या वह्या तपासायच्या सोडून. दादाच्या पेरूंच्या पिशव्यांच्या चाचणीतले ऑक्सिजनचे आकडे माझ्या मॉडेलपेक्षा वर राहत होते. फळ श्वास घेतं, बंद पिशवीतला ऑक्सिजन उतरायला हवा; तेवढा उतरत नव्हता. म्हणजे पिशवीच्या प्लॅस्टिक फिल्ममधून बाहेरचा जास्त आत येतोय. आतल्या ओलाव्याने फिल्म फुगत असावी. मग तिच्यात वायू जास्त विरघळतो, लवकर पलीकडे सरकतो. विरघळण्याचा गुणांक वाढवला, सगळे ठिपके रेषेवर बसले. कार्बन डायऑक्साइडचे नाही बसले. सेन्सर जुना आहे. बाजूला ठेवले.

२९ नोव्हें.
दादाला पळसदेवला फोन. पिशवी चांगली आहे, फळ गुदमरणार नाही, असं सांगितलं. त्याने लगेच कोलकात्याच्या व्यापाऱ्याला शब्द दिला: पहिल्या तोड्याचे सगळे पेरू याच पिशव्यांत, इंदापुरातून आणलेल्या मशीनने सील करून. मी म्हटलं, आधी थोडे पाठव.
"तुझ्यावर इस्वास हाय म्हणून तर समदं घालतोय."
फोन ठेवल्यावर वह्या पुन्हा उघडल्या. तपासल्या नाहीत.

६ डिसें., पळसदेव
सकाळी विहारात वंदना. मग वहिनीबरोबर ओट्यावर पेरू पुसत बसले. नव्या मशीनवर तिचा राग. लई घट्ट बंद करतं म्हणे. चाचणीच्या पिशव्या तू बांधल्यास त्याही घट्टच होत्या की, मी म्हटलं.
"त्या व्हय? त्यास्नी मी सुई टोचली हुती, वन्सं. बुडाला, घडीत."
का, असं विचारलं.
"लेकरू गोधडीत गुंडाळलं तरी नाक उघडंच ठेवतो न्हवं?"
कुणाला एक भोक, कुणाला तीन. फळाचं तोंड बघून.
ती हसत होती. मीही हसले. बारामतीत, जळोचीला घरी येईपर्यंत त्या भोकांशिवाय दुसरं काही डोक्यात नव्हतं.

७ डिसें.
बाजूला ठेवलेले आकडे काढले. अखंड फिल्ममध्ये कार्बन डायऑक्साइड ऑक्सिजनपेक्षा जास्त विरघळतो, म्हणून कितीतरी भरभर निघून जातो. भोक असा भेद करत नाही. या पिशव्यांत तो साठलेला. सेन्सर बरोबर होता. मी ओलाव्याच्या नावावर वहिनीची भोकं मोजली. गुणांक ही जागाच अशी, काहीही घाला, मावतं.
न टोचलेली एक पिशवी भरून लॅबमध्ये ठेवली. दादाला अजून काही सांगितलं नाही.

१० डिसें.
ऑक्सिजन माझ्या पहिल्या रेषेने उतरला. ज्या रेषेला मी चूक ठरवलं, तिनेच. पिशवी उघडली तर आंबूस वास. पेरू थंड गाडीतून जाणार, लॅब त्यापेक्षा गरम, हे मान्य. तरी.
दादाला सगळं सांगितलं. "म्हंजे माझ्या पेरूची दारू पोचली असती तितं." तोडा झालाय, गाडी उद्या. व्यापाऱ्याला दिलेला शब्द आता परत घेता येत नाही. पिशव्या सील करून टोचायच्या का, एवढं त्याला हवं. मी सांगायला लागले, भोक केवढं, थंडीत फळ किती श्वास घेईल, त्यावर...
"पुष्पे, व्हय म्हण न्हायतर न्हाय म्हण. मधलं नगं."
आजवर मी मधलंच सांगत आले.
टोचा, म्हटलं.

११ डिसें.
सकाळी वहिनीचा फोन. मागे बायकांची बडबड, पेट्या ओढल्याचे आवाज. चौघीजणी सुया घेऊन बसल्यात. प्रत्येकीचं मत वेगळं, एकच काय ते ठरवून दे म्हणाली.
"किती टोचायची, वन्सं?"
दोन. माझ्या तोंडून लगेच गेलं.
संध्याकाळी दादाचा मेसेज: गाडी निघाली.
दोन का, ते आता मांडून बघतेय. फिल्म माहीत आहे, फळाचा श्वास माहीत आहे. सुई केवढी, ते विचारायचं राहिलं.