चेहरा नसलेलं पोस्टर

दादा,

आज तू माझ्या क्लासच्या दारावरचं पोस्टर टराटरा फाडलंस, तेव्हा आत माझ्याकडे शिकणाऱ्या बायका कमरेला नाण्यांचे पट्टे बांधून उभ्या होत्या. ‘पोटासाठी बेली डान्सच उरला होता का? घराची अब्रू वेशीला टांगलीस,’ असं तू त्यांच्यादेखत म्हणालास.

अब्रूचं म्हणशील तर पोस्टरवर माझा चेहराच नव्हता. नुसतं पोट होतं, आणि बेंबीशेजारी तू इस्त्रीच्या टोकानं दिलेला डाग. फोटोवाला तो पुसून देणार होता, मीच नको म्हणाले. बाया पहिल्या दिवशी पोट झाकूनच येतात. माझा डाग बघितला की त्यांची भीड चेपते. कुणी विचारलंच, तर लहानपणी भाजलं म्हणून सांगते. तुझं नाव आजवर घेतलेलं नाही.

पण जाता जाता तू बोलून गेलास, ‘तुझी वहिनी चौकातल्या असल्याच पोस्टरसमोरून हलेचना, म्हणून माझं लक्ष गेलं.’

दादा, मी घर सोडलं ते तुझ्या लग्नाआधी. वहिनीनं मला कधी पाहिलेलंच नाही. मग ती कुणाचं पोट ओळखून थांबली?

हे पत्र तुझ्या हाती पडलं तर भोगावं तिला लागेल, म्हणून ते माझ्यापाशीच राहील. चौकात उद्या नवं पोस्टर लावतेय. चेहरा यावेळीही नाही. फक्त माझा फोन नंबर मोठ्या अक्षरांत, त्या डागाच्या अगदी शेजारी.

तुझी धाकटी बहीण