प्रोजेक्टर बसवण्याआधी

अपेक्षा,

२००९ साली तू चार वर्षांची होतीस. शेतकऱ्यांना द्राक्षछाटणीचे फोटो मोठे करून दाखवायला तुझ्या बाबांनी, धनाजीनं, प्रोजेक्टर आणला होता. तानाजीकाकानं मेन बंद केला आणि शिडी धरली. धनाजी छताला वायर जोडत होता. तेवढ्यात नळाला पाणी आलं. टाकी भरायला मोटर लावायच्या घाईत मी पडवीतला मेन चालू केला. धनाजी शिडीवर आहे, हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही.

शॉक लागून धनाजी गेल्यावर तुझ्या आजोबांनी, आबांनी, तानाजीला विचारलं, "तू बंद केलातास, मग भुतानं चालू केला व्हय?"

"म्या बंदच केलाता आबा. आईला इचारा."

मी मान खाली घालून बसले.

आज तू नवा प्रोजेक्टर बसवणार आहेस. मेन बंद केलास की पेटीला कुलूप लाव आणि किल्ली जवळ ठेव. टेस्टर लावून बघितल्याशिवाय वायरीला हात लावू नकोस. शिडी आईला धरायला सांग. त्याआधी ही चिठ्ठी तिला वाचून दाखव.

मी सकाळच्या एसटीनं साताऱ्याला जाते आहे. मेन मी चालू केला होता, हेच तानाजीला सांगायचं आहे. आबा त्याच्याशी न बोलताच गेले. तुझ्या आईनं त्याला पुन्हा घरात घेतलं नाही. त्यानं लग्न केलं नाही, तिकडं एका सोसायटीच्या गेटवर नोकरी करतो. मला मात्र या घरात आजवर कोणी एक शब्दही बोललं नाही.

तुझी आजी